बुरुजाच्या बंगल्याची मोजणी

मी त्या बंगल्याच्या फाटकात पोचलो तेव्हा थोरले मालक आपल्या कुत्र्याला मारत होते. कुत्रा मोठा, तांबूस, पायरीच्या लोखंडी कडीला बांधलेला. मालकांच्या हातात वेताची छडी. ते साठीच्या आतबाहेर, अंगात लोकरी जाकीट, आणि मारताना ते एक शब्दही बोलत नव्हते. शिवी नाही, ओरडणं नाही. नुसता छडीचा आवाज आणि कुत्र्याचं केकाटणं. मोजणीची साखळी ओढणारा माझ्याबरोबरचा साखळीवाला म्हणाला, "सायेब, मागारी जाऊया. ह्या मानसाची जमीन मोजू नगा."

आम्ही मागं फिरलो नाही. मी सरकारी मोजणीदार होतो, वाईला नेमणूक होती, आणि पिशवीत कोर्टाच्या हुकमावरून निघालेली नोटीस होती. तो बंगला आणि भोवतालचं साठ एकर रान तीन भावंडांत वाटून द्यायचं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. माझं घर सांगलीला, विश्रामबागेत. बायको-मुलं तिकडं, मी इकडं एका खोलीत. स्वभावानं मी भांडणाला घाबरणारा. बांधावर कुऱ्हाडी निघणं मोजणीदाराला नवं नसतं. तसं झालं की मी मोजणीचा फळा काखोटीला मारून लांबच्या झाडाखाली जाऊन बसायचो, आणि आरडाओरडा थांबला की परत साखळी टाकायला सांगायचो. चौदा वर्षं मी अशीच काढली होती. त्या बंगल्यावर मात्र तसं झालं नाही.

बंगला घाटाच्या पोटाशी, एका सपाट दांडावर होता. काळा दगड, उतरतं छप्पर, आणि एका कोपऱ्याला गोल बुरूज, त्यावर टोकदार टोपी. म्हणून आसपासच्या गावांच्या तोंडी तो बुरुजाचा बंगला. दिवाणखान्यात माणूस उभा राहील एवढी शेकोटीची जागा होती. भिंतीवर सांबरांची शिंगं. शेकोटीच्या वर एक भलंमोठं तैलचित्र: त्यात हाच बंगला, पण चौपट मोठा, करड्या दगडाचा, मागं बोडक्या टेकड्या, पुढं हिरवळीवर हरणं, आणि वर पाऊस भरलेलं आभाळ.

"हे ह्या बंगल्याचं चित्र आहे होय?" मी विचारलं.

बंगला सांभाळणारे चाचा माझ्या मागं उभे होते. सत्तरी ओलांडलेले, पाठीत वाकलेले. त्यांचे आजोबा पाथरवट. बुरुजाचे दगड त्यांनीच घडवलेले. चाचा म्हणाले, "न्हाई सायेब. बंगल्याचं चित्र न्हाई काढल्यालं. चित्राचा बंगला बांदलाय."

मग त्यांनी सांगितलं. ज्यानं बंगला बांधला तो साहेब स्कॉटलंडचा, रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनिअर. चित्रातलं घर त्याच्या बापजाद्यांचं. भोवती कोसभर रान, शेतं, खंड घालणारी कुळं. पण त्यांच्या घराण्यात रिवाज असा की बाप गेला की सगळं थोरल्या मुलाचं. हा धाकटा. घर सोडताना त्यानं एवढं चित्र मागून घेतलं आणि बोटीत बसला. पुढं साताऱ्याच्या डोंगरात पैसा-अधिकार हाताशी आल्यावर त्यानं ते घर पुन्हा उभं करायला घेतलं. चित्र उन्हात आणून झाडाला टेकवायचं आणि पाथरवटाला त्याच्यापुढं उभं करायचं.

"कमानीचा एक दगड तिरका बसला," चाचा म्हणाले, "तर सायबानं आमच्या आज्याचा हात त्या दगडाखाली धरला, आन वरचा दोर सोडाय लावला. ही दोन बोटं गेली." त्यांनी आपल्याच हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दुमडून दाखवलं. "तरीबी आज्यानं बुरूज पुरा केला."

"का पण? पळून का नाही गेले?"

चाचांना माझा प्रश्न नीट कळला नसावा. ते म्हणाले, "बुरूज झ्याक चालला व्हता, सायेब."

स्वातंत्र्याच्या सुमारास साहेबाचे वारस निघून गेले आणि कोरेगावकडच्या एका बड्या कंत्राटदारानं चित्रासकट सगळं घेतलं. तो मृत्युपत्र न करता वारला. थोरला मुलगा बंगल्यातच वाढलेला, शिकारीचा नाद असलेला. धाकटा कोरेगावला राहायचा, त्याच्या ट्रक होत्या. मधली बहीण सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायची. नवरा लवकर गेलेला. तिनंच दावा लावला होता.

थोरल्या मालकांनी माझी नोटीस उभ्यानं वाचली. कुत्रा अजून कण्हत होता. सही करायला त्यांनी नकार दिला.

"रान मोजा," ते म्हणाले. "घर मोजायचं न्हाई. सायबाच्या मुलखात घराचे तुकडे करीत न्हाईत. थोरल्याचं ते घर. म्हनून तिथं चारचारशे वर्सांची घरं उबी हाईत. आपल्यात बाप गेला की पोरं पहार घेऊन भिंतीला लागत्यात."

मी नोटीस दाराला डकवली. त्यांनी ती माझ्यादेखत टराटर फाडली. मी दुसरी डकवली. माझ्याकडं तीन प्रती असायच्याच. दुसरीला त्यांनी हात लावला नाही. पहिल्या दिवशी आम्ही बाहेरची हद्द मोजून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटे ट्रक घेऊन आले. मागं दहाबारा माणसं, कुऱ्हाडी, दोघांनी ओढायच्या करवती. फाटकापासून बंगल्यापर्यंत साहेबानं लावलेली सिल्व्हर ओकची दुहेरी रांग होती. धाकट्यांनी डावीकडची रांग आपली ठरवली. हिश्श्यांची मोजणी अजून व्हायची होती, काही ठरलेलं नव्हतं. मी तसं सांगायला गेलो तर म्हणाले, "मोजणीदार, तुमी तुमचं काम करा, आमी आमचं. लाकूड हितं ऱ्हायलं तर दादा जाळून शेकत बसंल."

पहिलं झाड पडलं तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटली. त्याच्या शेंड्यातले पक्षी ओरडत बंगल्यावरून गेले. दुसऱ्याला करवत लागली आणि थोरले मालक पायऱ्या उतरून आले. हातात बंदूक. धावत नव्हते, सकाळी फिरायला निघाल्यासारखे येत होते.

"आता करवत काढा," ते म्हणाले.

"काढू नका रं," धाकटे म्हणाले.

करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं. एकानं हात सोडला. दुसरा धाकट्यांच्या तोंडाकडं बघत राहिला, म्हणून त्याला लागली. छर्रे मांडीत घुसले. धोतराचं पांढरं कापड आधी नुसतं ठिपक्याठिपक्यांचं झालं आणि मग ते ठिपके एकमेकांत मिसळले. तो माणूस खाली बसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माजा पाय हाय का?"

मी माझा मफलर त्याच्या मांडीला आवळून बांधला. साखळीवाल्यानं पाणी पाजलं. बाकीची माणसं ट्रकमागं दडली. दहा पावलांवर थोरले मालक बंदूक मोडून रिकामं काडतूस काढत होते. आणि धाकटे, ज्यांच्या शब्दासाठी तो माणूस जागचा हलला नव्हता, त्याच्याकडं न बघता इतरांना म्हणाले, "थांबू नका. त्येच्याकडं एकच काडतूस व्हतं. तोडा."

मी त्या वेळी त्यांच्याकडं पाहिलं. रुंद तोंड, पान खाऊन लाल झालेले ओठ. मनात काहीतरी घट्ट बसलं. मला वाटलं, ही नेहमीची चीड आहे, संध्याकाळपर्यंत निवेल.

तिसरं झाड पडल्यावरच त्या माणसाला ट्रकमध्ये घालून वाईला नेलं. तक्रार कुणीच दिली नाही. झाडं विनापरवाना तोडलेली, त्यामुळं धाकट्यांचं तोंड बंद. गोळी झाडलेली, त्यामुळं थोरल्यांचं. दवाखान्यातून खबर गेली तेव्हा पोलिसांनी बंदूक जमा करून घेतली आणि मोजणीला आठ दिवसांनी बंदोबस्त द्यायचं कबूल केलं.

आठ दिवसांनी बहीण आली. सांगलीहून एस.टी.नं, वाईला गाडी बदलून, फाट्यापासून चालत. पन्नाशीची, सडपातळ, सुती पातळ, हातात छत्री आणि डबा. तिला बंगल्यात कुणी बोलावलं नाही, तीही गेली नाही. हिरवळीवरच्या दगडी बाकावर बसून तिनं डबा उघडला आणि चाचांना अर्धी चपाती दिली. बंदोबस्ताचे दोन पोलीस फाटकाजवळ सावली बघून बसले.

थोरले पायऱ्यांवरूनच म्हणाले, "आक्का, तुला ठावं हाय. सायबाच्या मुलखात सगळं थोरल्याला जातं."

"म्हणूनच तर तो बिचारा इथं आला ना, दादा?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या डोंगरात आपलं घर शोधत. मला तसं कुठं जायचं नाही. मला माझं इथलंच द्या."

दुपारपर्यंत मोजणी सुरळीत चालली. तीन हिस्से समान बसवायचे तर बहिणीचा हिस्सा मागच्या कुरणातून येऊन बंगल्याच्या स्वयंपाकघराला आणि चाचांच्या दोन खोल्यांना धरत होता. त्यात विहीरही येत होती. मी तशी रेघ आखली, हद्दीच्या ठिकाणी खड्डा घेतला आणि त्यात झेंडा रोवला.

धाकटे पलीकडून आले. "ही कसली रेघ?"

"तुमच्या बहिणीच्या हिश्श्याची."

"हीर तिच्यात?"

"पाण्याचा वापर तिघांचा राहील, तसं लिहिता येईल. पण जागा त्यांची."

"बाईमानसाला हीर कशाला? काय करायची तिला? जीव द्यायचाय?" त्यांनी झेंडा उपटला आणि गुडघ्यावर मोडून फेकून दिला.

बहीण उठली, आली, आणि ज्या खड्ड्यात झेंडा होता त्यात तिनं आपलं पाऊल ठेवलं. चप्पल काढून. एवढंच.

धाकट्यांनी तिचा अंबाडा धरला. एका हिसक्यात ती पडली. मग केसांनी फरफटत त्यांनी तिला विहिरीकडं न्यायला सुरुवात केली. कठडा वीसेक पावलांवर असेल. ती ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी गवत धरत होती आणि गवत मुळांसकट हातात येत होतं. "देतो तुला हीर," धाकटे म्हणत होते, "बस तिच्यात." साखळीवाला पोलिसांना हाका मारत फाटकाकडं पळाला. थोरले पायऱ्यांवर उभे होते, हात पाठीमागं बांधून. हलले नाहीत.

माझ्या हातात दुसऱ्या झेंड्याची काठी होती, खाली लोखंडी टोकाची. झाडाखाली जाऊन बसण्याचं मला सुचलंही नाही. मी धावलो आणि काठीचं लोखंड त्यांच्या मनगटावर घातलं. केस सुटले. ते गुडघ्यावर बसले, हात पोटाशी धरून. वर बघून म्हणाले, "बास, मोजणीदार. बास."

इथं मी थांबायला हवं होतं. बहीण मोकळी झाली होती, बाजूला सरकत होती. ते निःशस्त्र होते, बास म्हणत होते. माझ्या डोळ्यांपुढं मात्र गवतात बसलेला तो करवतवाला होता. मी काठी दोन्ही हातांनी वर नेली आणि पूर्ण जोर लावून त्यांच्या मानेच्या खाली मारली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. आणि मला बरं वाटलं. हे मी नंतर पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. एक क्षणभर मला इतकं बरं वाटलं की मी हसलो असेन.

मग मागून कुणीतरी पळत येत असल्याचं ऐकू आलं. मला वाटलं पोलीस. ते थोरले मालक होते. ज्या भावाच्या माणसावर त्यांनी आठ दिवसांमागं गोळी झाडली, ज्याच्याशी ते दहा वर्षांत धड बोलले नव्हते, त्याच्यासाठी साठीचा माणूस वासरासारखा पळत आला. "माज्या भावाला?" त्यांच्या तोंडातून फेस येत होता. "माज्या भावाला मारतोस?" हातात दगड होता. तो माझ्या जबड्यावर बसला. तोंडात गरम काहीतरी भरलं आणि त्यात दातांचे तुकडे होते. मी पडलो. ते लाथा घालत राहिले, पोटात, छातीत, आणि प्रत्येक लाथेबरोबर तेच दोन शब्द.

मला वाचवलं चाचांनी. त्यांच्यात कुणाला ओढून काढायची ताकद नव्हती. ते सरळ माझ्या अंगावर आडवे झाले. पुढची लाथ त्यांच्या बरगडीत गेली. मी माझ्या छातीवर त्यांचा श्वास अडकलेला ऐकला. मग आपण काय केलं ते थोरल्यांना कळलं असावं. लाथा थांबल्या.

पोलीस आले तेव्हा थोरले जमिनीवर बसून धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होते, "धाकल्या, ए धाकल्या, बग की रं माज्याकडं." बहीण उठली. तिच्या डोक्यावर एका जागी रुपयाएवढं कातडं निघालं होतं आणि रक्त कानामागून मानेवर येत होतं. तिनं पडलेली काठी उचलली, खड्ड्याजवळ गेली आणि ती त्यात रोवली. माती पायानं दाबली.

साखळीवाल्याला म्हणाली, "साखळी ताणा. राहिलेलं मोजून घ्या."

"आक्का," थोरले ओरडले, "ह्यो मरतोय!"

"मरत न्हाई," ती म्हणाली. इतका वेळ सांगलीची शिकलेली मराठी बोलणारी ती बाई पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोलली. "तुमी कुनी मरत न्हाई. ताणा साखळी."

साखळीवाला रडत रडत साखळी ओढत होता. त्याला बोलून आकडे सांगता येईनात, म्हणून तो बोटांनी दाखवायचा, आणि मी बाकाला टेकून, जबडा एका हातानं धरून, ते कागदावर उतरवायचो. कागदावर रक्त पडत होतं. पुढं तो नकाशा दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावा लागला. पण मापं त्याच दुपारची.

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मी, धाकटे मालक आणि चाचा एकाच वॉर्डात होतो. माझा जबडा तारेनं बांधलेला, सहा आठवडे नुसतं पातळ. थोरले रोज डबा घेऊन यायचे. माझ्या खाटेवरून जाताना मान वळवायचे. धाकट्याला भरवून झालं की चाचांच्या उशाशी भाकरी ठेवायचे आणि त्यांच्याशीही न बोलता निघून जायचे. एकदा चाचा मला म्हणाले, "त्येंच्या मनात न्हवतं मला मारायचं." बरगड्या मोडल्यामुळं त्यांना बोलताना थांबावं लागायचं. "तुमाला मारायचं व्हतं."

जबाब घ्यायला फौजदार आले. बहिणीनं सांगितलं होतं, मोजणीदारानं एकच वार केला, तोही मला सोडवायला. चाचांनीही एकच सांगितला. धाकट्यांनी दोन सांगितले. फौजदार माझ्या खाटेच्या कडेला बसले. "एक लिहा," हळूच म्हणाले. "एक म्हणजे बचाव. सुटाल." मला बोलता येत नव्हतं. त्यांनी दिलेल्या कागदावर मी 'दोन' असं लिहिलं. त्यांनी कागद परत पुढं केला. मी त्याखाली पुन्हा 'दोन' लिहिलं. लोकांना तो माझा खरेपणा वाटला, खात्यात काही जणांनी पाठ थोपटली. खरेपणा नव्हता तो. तो वार माझा होता आणि तो कुणी माझ्याकडून पुसून टाकावा हे मला सहन होत नव्हतं.

मी निलंबित झालो. चौकशी झाली. खटला तीन वर्षं लोंबकळला आणि शेवटी तिघा भावंडांनी, एकमेकांविरुद्धचं आणि माझ्याविरुद्धचं, सगळंच आपसात मिटवलं. मला कामावर घेऊन शिराळ्याला टाकलं. तोवर वाटणीही कायम झाली होती. थोरल्यांनी सरकारी माणसांची वाट न बघता बहिणीचं स्वयंपाकघर वेगळं काढायला स्वतःच पहार घेऊन बंगल्याची भिंत माझ्या रेघेवर फोडली. साखळीवाला बघून आला होता. म्हणाला, बंगल्याला मागून पाठच राहिलेली नाही, उघड्यावर नुसत्या कोनाड्यांच्या भिंती दिसतात. चाचांच्या खोल्या बहिणीच्या बाजूला आल्या आणि तिनं त्या त्यांच्या घरच्यांच्या नावानं करून दिल्या. चाचा त्या खोलीतच वारले.

धाकटे मालक मला त्या दशकाच्या अखेरीस भेटले. विश्रामबागेत, आमच्या घरापासून जवळच एका रसवंतीवर. मी त्यांना ओळखलं आणि उठून जाणार होतो. त्यांनी डाव्या हातानं खुणावलं, बसा. उजवा हात खांद्याशी आखडलेला होता. त्यांनी दोन ग्लास सांगितले.

घाण्याचे घुंगरू वाजत होते. मग ते म्हणाले, "एक इचारतो. पैला कळला मला. दुसरा का मारला?"

चौकशीत मी याची बरीच उत्तरं दिली होती. घाबरलो, गोंधळलो, पुन्हा अंगावर याल असं वाटलं. मी म्हणालो, "पहिला तुमच्या आक्कांसाठी होता. दुसरा मला मारायचा होता."

त्यांनी मान हलवली. "म्या दादाला तेच म्हनलो. त्यो म्हनत व्हता, भ्याला आसंल मोजणीदार. म्या म्हनलो, भ्याल्याचा नेम आसा बसत न्हाई."

"हात वर जातो का?"

"हितपातुर." त्यांनी कोपर छातीपर्यंत नेऊन दाखवलं. "तुमचा जबडा?"

"थंडीत दुखतो."

"खांदाबी थंडीतच." त्यांनी रस संपवला, ओठ पुसले. "करवतीवरला त्यो गडी लंगडतो अजून. माज्याच ट्रकवर हाय. मला रोज दिसतो."

मी त्यांना विचारलं, इथं कशाला आलात.

"आक्काकडं. औंदा पानी आटलंय आमच्या बाजूला. हिरीवर मोटार बसवायला तिची सही पायजे."

"देतील?"

"देती की. दर वर्साला देती. पन आदी दारात उबं करती, दीड-दीड तास. आत या म्हनत न्हाई."

ते उठून गल्लीत गेले. मी रसवंतीवरून बघत होतो. चौथ्या घराचं फाटक त्यांनी डाव्या हातानं उघडलं, घंटी वाजवली, आणि पायरीच्या खाली उन्हात उभे राहिले. दार थोडं उघडलं, कुणीतरी पाहिलं, आणि ते पुन्हा लागलं. ते तिथंच उभे होते.